विश्लेषण : डान्झिग हे केवळ निमित्त! जर्मनीने १९३९मध्ये पोलंडवर हल्ला नेमका का केला?

१ सप्टेंबर १९३९. ‘सदिच्छा भेटी’साठी डान्झिग बंदरात आलेल्या ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ या जर्मन युद्धनौकेने पहाटे पावणेपाचच्या सुमारास वेस्टरप्लाट येथील पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. त्याच पहाटे जर्मन विमानांनी व्हिएलुन या छोट्या पोलिश शहरावर बॉम्ब टाकले आणि जर्मन सैन्य सीमा ओलांडून आत घुसले. दोन दिवसांनी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. दुसरे महायुद्ध सुरू झाले.

हे का घडले, याचे उत्तर आपल्याकडे शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपर्यंत साधारण एकाच ओळीत मिळते : व्हर्सायच्या तहाने जर्मनीचा अपमान झाला, म्हणून. हे उत्तर अर्धे आहे. आणि अर्धे उत्तर कोणाच्या सोयीचे ठरते, हे अलीकडेच दिसले. रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकी पत्रकार टकर कार्लसन यांना दिलेल्या मुलाखतीत, पोलंडने डान्झिगच्या प्रश्नावर अडून राहून हिटलरला युद्धाची सुरुवात आपल्यापासूनच करायला भाग पाडले, अशा आशयाचे विधान केले. म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला, दोष त्याचाच! समाजमाध्यमांवर ‘पोलंडने एक शहर देऊन टाकले असते तर महायुद्ध टळले असते’ हा युक्तिवाद सतत फिरत असतो. तो कागदपत्रांवर कितपत टिकतो, हे पाहू या.

मुळात वाद कशाचा होता?

पोलंड हे राज्य १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांमध्ये प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतले होते. त्यानंतर १२३ वर्षे युरोपच्या नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता. पहिल्या महायुद्धात ही तिन्ही साम्राज्ये कोसळली आणि नोव्हेंबर १९१८मध्ये पोलंड पुन्हा उभा राहिला. नव्या पोलंडला समुद्रापर्यंत वाट मिळावी, हा मुद्दा अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या चौदा कलमांतील तेराव्या कलमात होता.

२८ जून १९१९च्या व्हर्साय तहाने ती वाट दिली. पोझनान प्रांत आणि पश्चिम प्रशियाचा मोठा भाग पोलंडकडे गेला. त्यामुळे जर्मनीची मुख्य भूमी आणि पूर्व प्रशिया यांच्यामध्ये पोलंडचा पट्टा आला. हाच तो प्रसिद्ध ‘पोलिश कॉरिडॉर’. या पट्ट्याच्या टोकाशी असलेले डान्झिग, म्हणजे आजचे ग्दान्स्क, जर्मनबहुल होते. ते जर्मनीलाही दिले नाही आणि पोलंडलाही नाही. १९२०पासून ते राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालील ‘मुक्त शहर’ झाले. जकात आणि परराष्ट्र व्यवहार पोलंडशी जोडलेले, अंतर्गत कारभार मात्र स्थानिक जर्मनांच्या हाती.

तिसरा तुकडा होता अप्पर सायलेशियाचा. कोळसा आणि पोलाद यांचा हा प्रदेश. मार्च १९२१मध्ये तिथे सार्वमत झाले, त्यात सुमारे ६० टक्के मते जर्मनीच्या बाजूने पडली. पुढे प्रदेशाची वाटणी झाली आणि उद्योगांचा मोठा हिस्सा पोलंडकडे गेला. जर्मनीत याचा संताप होता आणि तो सगळाच काही बनावट नव्हता.

मग व्हर्साय हेच कारण, असे का म्हणू नये?

कारण त्याने राग कळतो, हल्ला कळत नाही. व्हर्सायनंतर २० वर्षे हा वाद होता. युद्ध मात्र १९३९मध्ये झाले.

हिटलरपूर्वीच्या वायमार प्रजासत्ताकातील एकाही महत्त्वाच्या पक्षाने पूर्वेकडील सीमा मनापासून स्वीकारली नव्हती, हे खरे. जर्मन लष्कराचे प्रमुख हान्स फॉन झेक्ट यांनी १९२२मध्येच एका टिपणात पोलंडचे अस्तित्व असह्य असल्याचे लिहिले होते. परराष्ट्रमंत्री गुस्टाव स्ट्रेसमान यांना शांततेचे नोबेल मिळाले, पण त्यांनीही १९२५च्या लोकार्नो करारात फ्रान्स आणि बेल्जियमलगतच्या सीमेची हमी दिली आणि पोलंडलगतच्या सीमेची द्यायचे टाळले. त्याच वर्षी जर्मनी आणि पोलंड यांच्यात जकातयुद्ध पेटले. ते १९३४पर्यंत चालले.

लोकार्नोचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने त्या कराराद्वारे नकळत एक संदेश दिला होता : युरोपात दोन दर्जाच्या सीमा आहेत. पश्चिमेची पक्की, पूर्वेची चर्चेची. पोलंडमध्ये तेव्हाच याची धास्ती घेतली गेली होती.

तरीही वायमारच्या राज्यकर्त्यांचे साधन होते आर्थिक दबाव आणि राजनय. सीमा बदलायची होती, पोलिश लोक नाहीसे करायचे नव्हते. हिटलरचा कार्यक्रम इथेच वेगळा होतो.

हिटलरला पोलंडकडून नेमके काय हवे होते?

हिटलरने आत्मचरित्रातच १९१४च्या सीमा परत मिळवण्याची मागणी तोकडी ठरवली होती. त्याला हवी होती पूर्व युरोपातील शेतजमीन, रशिया आणि त्याच्या शेजारच्या देशांतली. ‘लेबेन्सराउम’, म्हणजे जर्मन वंशासाठी ‘जगण्याची जागा’, ही कल्पना नाझी राजकारणाच्या केंद्रस्थानी होती. या नकाशात पोलंड दोनच भूमिकांत बसू शकत होता. रशियाविरुद्धच्या मोहिमेतला दुय्यम साथीदार, किंवा वाटेतला अडथळा.

पहिली भूमिका आधी आजमावून पाहिली गेली. जर्मनी ऑक्टोबर १९३३मध्ये राष्ट्रसंघातून बाहेर पडला होता, एकटा होता आणि व्हर्सायच्या अटींमुळे त्याचे सैन्य लहान होते. २६ जानेवारी १९३४ रोजी हिटलरने पोलंडशी दहा वर्षांचा अनाक्रमणाचा करार केला. जर्मन राष्ट्रवाद्यांनाही धक्का बसला. पण या करारात पोलंडच्या सीमेला मान्यता दिलेली नव्हती. पोलंडचे नेते मार्शल योझेफ पिल्सुदस्की यांनी त्यातून वेळ मिळवला आणि हिटलरनेही तेच केले. फरक इतकाच, की मिळालेल्या वेळेत जर्मनीने सक्तीची लष्करभरती सुरू केली, ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले आणि चार वर्षांची युद्धसज्जतेची योजना आखली. तितका पैसा आणि तितके कारखाने पोलंडकडे नव्हते.

५ नोव्हेंबर १९३७ रोजी हिटलरने लष्करप्रमुख आणि परराष्ट्रमंत्र्यांच्या बंद दाराआडच्या बैठकीत, जर्मनीच्या जागेचा प्रश्न बळानेच सुटेल, असे सांगितले. कर्नल हॉसबाख यांनी ठेवलेली या बैठकीची नोंद पुढे न्युरेम्बर्ग खटल्यात पुरावा म्हणून आली.

जर्मनीत त्याला अडवणारे कोणीच नव्हते का?

होते, आणि त्यांना बाजूला सारणे हे युद्धाचे एक स्वतंत्र राजकीय कारण आहे. त्याकडे फारसे लक्ष जात नाही.

१९३७च्या त्या बैठकीत युद्धमंत्री ब्लॉमबर्ग, लष्करप्रमुख फ्रिच आणि परराष्ट्रमंत्री नॉयराथ यांनी धोक्यांकडे बोट दाखवले होते. त्यांची हरकत नैतिक नव्हती, घाईला होती. तीन महिन्यांत, फेब्रुवारी १९३८पर्यंत तिघेही पदावरून गेलेले होते. ब्लॉमबर्ग आणि फ्रिच यांना खासगी आयुष्यातील आरोपांवरून घालवण्यात आले. फ्रिच यांच्यावरील आरोप तर पुढे खोटा ठरला. सैन्याची थेट सूत्रे हिटलरने स्वतःकडे घेतली आणि परराष्ट्र खाते योआखिम फॉन रिबेनट्रॉप यांच्याकडे दिले. जनरल स्टाफचे प्रमुख लुडविग बेक यांनी ऑगस्ट १९३८मध्ये राजीनामा दिला. वृत्तपत्रे, संसद आणि न्यायालये १९३३-३४मध्येच ताब्यात आली होती.

गाडी उताराला लागलेली आणि ब्रेक आधीच काढून टाकलेले, अशी ही स्थिती होती. १९३९च्या उन्हाळ्यात ‘हे चुकते आहे’ असे अधिकाराने सांगू शकेल आणि तरीही पदावर राहील, असा माणूस बर्लिनमध्ये उरला नव्हता. राइश्टाग हे हिटलरची भाषणे ऐकून टाळ्या वाजवण्याचे सभागृह झाले होते. युद्धाचा निर्णय एका माणसाच्या अंदाजावर आला, आणि ब्रिटन-फ्रान्स लढणार नाहीत, हा तो अंदाज होता.

हा अंदाज कशावरून बांधला गेला?

म्युनिकवरून. मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला, कोणी अडवले नाही. सप्टेंबरमध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग मागितला आणि ही आपली युरोपातील शेवटची प्रादेशिक मागणी असल्याचे जाहीर सभेत सांगितले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनीने म्युनिकमध्ये करारावर सह्या केल्या. चेकोस्लोव्हाकियाला त्या टेबलावर बोलावलेही नव्हते.

इथे पोलंडच्या पदरातही एक काळी नोंद आहे. चेकोस्लोव्हाकिया गुडघ्यावर आलेला पाहून वॉर्सा सरकारने त्याला निर्वाणीचा खलिता धाडला आणि टेशेनचा वादग्रस्त भाग ऑक्टोबर १९३८मध्ये ताब्यात घेतला. तिथे पोलिश भाषक मोठ्या संख्येने होते, १९१९-२०च्या भांडणाचा जुना हिशेब होता, हे सगळे खरे. पण त्यामुळे पोलंडने पश्चिमेकडची सहानुभूती गमावली आणि हिटलरच्या पद्धतीला एक प्रकारे मान्यताच दिली. पोलंडमधील जर्मन अल्पसंख्याकांच्या तक्रारीही सगळ्या निराधार नव्हत्या. १९३१च्या जनगणनेत सुमारे साडेसात लाख लोकांनी जर्मन ही मातृभाषा नोंदवली होती. शाळा आणि जमीन सुधारणा यांवरून त्यांचे सरकारशी खटके उडत. १९३४मध्ये पोलंडने अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या करारावरील राष्ट्रसंघाची देखरेखही झुगारली होती.

या चुका मान्य केल्या म्हणून आक्रमणाचे समर्थन होत नाही. शेजाऱ्याचे वागणे चुकीचे असणे आणि त्याच्या घराला आग लावणे, यांत अंतर आहे.

पोलंडपुढे प्रस्ताव काय होता, आणि त्याने तो का नाकारला?

म्युनिकला महिनाही झाला नव्हता, तोच २४ ऑक्टोबर १९३८ रोजी रिबेनट्रॉप यांनी पोलंडचे राजदूत योझेफ लिप्स्की यांच्यापुढे यादी ठेवली. डान्झिग जर्मनीला द्यावे. कॉरिडॉरमधून पूर्व प्रशियाकडे जाणारा महामार्ग आणि रेल्वेमार्ग द्यावा, त्यावर पोलंडचा कायदा चालणार नाही. पोलंडने साम्यवादविरोधी ‘अँटी-कॉमिन्टर्न’ करारात सामील व्हावे. बदल्यात सीमेला मान्यता आणि अनाक्रमण करार २५ वर्षांनी वाढवून मिळेल.

वरवर पाहता ही देवाणघेवाण वाटते. पण यातील तिसरी अट सर्वांत जड होती. ती मान्य करणे म्हणजे पोलंडचे परराष्ट्र धोरण बर्लिनमध्ये ठरणे. जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये वसलेल्या पोलंडचे सूत्र होते दोघांपासून समान अंतर ठेवण्याचे. एका बाजूला गेलो की दुसऱ्याशी युद्ध आणि पहिल्याची गुलामी, हे त्यांना १२३ वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. परराष्ट्रमंत्री योझेफ बेक यांनी जानेवारी १९३९मध्ये हिटलरची भेट घेतली, चर्चा चालू ठेवली, पण होकार दिला नाही.

मार्च १९३९मध्ये सगळे बदलले. १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. सुडेटन मिळाल्यानंतर जेमतेम साडेपाच महिन्यांत उरलेला चेक देशही गेला. तिथे जर्मनबहुल प्रदेशाचा प्रश्न शिल्लकच नव्हता. आठवड्याभरात लिथुआनियाला धमकावून मेमेल बंदर घेतले गेले. ‘शेवटची मागणी’ किती शेवटची असते, याचे प्रात्यक्षिक पोलंडने शेजारीच पाहिले.

‘डान्झिग देऊन टाकायला हवे होते’ असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम डोळ्यांसमोर ठेवायला हवा. सुडेटन पर्वतरांगा दिल्यावर चेकोस्लोव्हाकियाच्या हातातून डोंगराळ तटबंदी गेली आणि उरलेला देश उघडा पडला. डान्झिग आणि कॉरिडॉरमधील मार्ग दिल्यावर पोलंडचा समुद्र जर्मनीच्या मुठीत गेला असता. पोलंडने जवळच ग्डिनिया हे नवे बंदर उभारले होते, तेही अडकले असते.

ब्रिटनच्या हमीने हिटलर थांबला का नाही?

३१ मार्च १९३९ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी संसदेत पोलंडच्या स्वातंत्र्याची हमी दिली. फ्रान्सचा पोलंडशी १९२१पासूनच करार होता. तीन दिवसांनी जर्मन सेनादलांना पोलंडवरील हल्ल्याची ‘फॉल वाइस’ ही योजना तयार करण्याचा आदेश गेला. १ सप्टेंबरनंतर केव्हाही हल्ला करता येईल अशी सज्जता ठेवा, असे त्यात होते. २८ एप्रिलला हिटलरने १९३४चा अनाक्रमण करार मोडीत काढला. ५ मे रोजी बेक यांनी पोलिश संसदेत उत्तर दिले : शांतता मोलाची आहे, पण कोणत्याही किमतीवर नाही, राष्ट्राच्या जीवनात सन्मानाला किंमत लावता येत नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा पुरावा. २३ मे १९३९ रोजी हिटलरने सेनाधिकाऱ्यांची बैठक घेतली. अडजुटंट श्मुंट यांनी ठेवलेल्या नोंदीनुसार त्याने स्पष्टच सांगितले, की वाद डान्झिगचा नाहीच. प्रश्न पूर्वेकडे जागा वाढवण्याचा आणि अन्नपुरवठा निश्चित करण्याचा आहे, म्हणून पोलंडला सोडायचे नाही आणि पहिली योग्य संधी मिळताच हल्ला करायचा. जर्मन जनतेला आणि जगाला ‘डान्झिगवासी बांधवांवरचा अन्याय’ सांगितला जात होता. सेनापतींना मात्र खरे कारण दिले जात होते.

हमीने हिटलर थांबला नाही, कारण हमी देणारे तेच होते ज्यांनी म्युनिकमध्ये माघार घेतली होती. शिवाय ब्रिटनचे लष्कर पोलंडपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. हमी खरी ठरायची तर पूर्वेकडून सोव्हिएत संघाची साथ हवी होती.

मॉस्कोतील कराराची भूमिका काय?

१९३९च्या उन्हाळ्यात ब्रिटन आणि फ्रान्स मॉस्कोशी बोलत होते. पण अर्ध्या मनाने. सोव्हिएत बाजूची अट होती लाल सैन्याला पोलंडमधून जाऊ देण्याची. आत आलेले रशियन सैन्य परत जाणार नाही, या भीतीने पोलंडने नकार दिला. स्टालिनकडे दुसरा ग्राहक तयार होता.

२३ ऑगस्टला रिबेनट्रॉप मॉस्कोत पोहोचले आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांच्यासोबत अनाक्रमण करार झाला. त्याला गुप्त परिशिष्ट होते. नारेव, व्हिस्टुला आणि सान या नद्यांच्या रेषेवर पोलंड दोघांत वाटून घेण्याचे त्यात ठरले. सोव्हिएत संघाने या परिशिष्टाचे अस्तित्व पन्नास वर्षे नाकारले आणि डिसेंबर १९८९मध्ये ते मान्य केले.

या कराराने हिटलरची मोठी अडचण दूर केली. दोन आघाड्यांवरच्या युद्धाची भीती गेली, कच्च्या मालाचा पुरवठा निश्चित झाला. पोलंडने युद्ध ओढवून घेतले, असे मॉस्कोतून सांगितले जाते तेव्हा ही २३ ऑगस्टची तारीख का वगळली जाते, हे वेगळे सांगायला नको.

शेवटच्या आठवड्यात तडजोडीची संधी होती का?

कागदोपत्री होती. हल्ल्याचा पहिला मुहूर्त २६ ऑगस्टचा होता. पण २५ तारखेला ब्रिटन आणि पोलंड यांच्यात औपचारिक करार झाला आणि इटलीच्या मुसोलिनीने आपण युद्धाला तयार नसल्याचे कळवले. हिटलरने हल्ला पुढे ढकलला. २९ ऑगस्टला त्याने सर्वाधिकार असलेला पोलिश प्रतिनिधी दुसऱ्याच दिवशी बर्लिनमध्ये हजर करण्याची मागणी केली. ३० ऑगस्टच्या मध्यरात्री रिबेनट्रॉप यांनी ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांना १६ कलमी प्रस्ताव घाईघाईने वाचून दाखवला, पण त्याची प्रत द्यायला नकार दिला. मुदत संपली, असे कारण दिले गेले. ज्याला खरोखर तडजोड हवी असते, तो प्रस्तावाची प्रत लपवत नाही.

पुढचा अंक त्याहून उघड होता. ३१ ऑगस्टच्या रात्री पोलिश हल्लेखोर असल्याचे भासवून ‘एसएस’च्या लोकांनी सीमेजवळील ग्लायवित्झचे जर्मन रेडिओ केंद्र ताब्यात घेतले आणि पोलिश भाषेत घोषणा प्रसारित केली. पुरावा म्हणून फ्रान्झ होनिओक या पोलंडधार्जिण्या सायलेशियन नागरिकाचा मृतदेह तिथे टाकण्यात आला. त्याला आदल्या दिवशीच पकडून आणले होते. या बनावाचे नेतृत्व करणाऱ्या आल्फ्रेड नाउयोक्सने न्युरेम्बर्गमध्ये शपथपत्रावर हे सांगितले. सकाळी हिटलरने राइश्टागमध्ये सीमेवरील घटनांचा दाखला देत, जर्मनी गोळीबाराला केवळ उत्तर देत असल्याचा दावा केला.

२२ ऑगस्टलाच त्याने सेनापतींना सांगून ठेवले होते, की युद्धासाठी प्रचाराचे कारण पुरवतो. ते पटते की नाही हे महत्त्वाचे नाही, जिंकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

इतिहासकारांमध्ये मतभेद नाहीत का?

आहेत. ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर यांनी १९६१मध्ये, हिटलर हा आराखडा घेऊन चालणारा नेता नव्हता, तो संधी साधणारा होता आणि युद्ध दोन्ही बाजूंच्या राजनयिक चुकांमधून घडले, अशी मांडणी केली. त्यावर मोठा वाद झाला. टेलर यांचे एक म्हणणे टिकते : हिटलरकडे तारीखवार वेळापत्रक नव्हते आणि १९३८पर्यंत त्याला पोलंडशी लढण्याऐवजी पोलंडला दावणीला बांधणे चालले असते. पण वेळापत्रक नसणे म्हणजे उद्दिष्ट नसणे नव्हे.

उद्दिष्ट काय होते, हे युद्धानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच दिसले. दुखणे व्हर्सायचे असते तर जर्मनी १९१४च्या सीमेवर थांबला असता. ऑक्टोबर १९३९मध्ये जर्मनीने जो प्रदेश थेट जोडून घेतला, तो त्या सीमेच्या कितीतरी पुढे जात होता. १९१४मध्ये रशियन साम्राज्यात असलेले लोड्झ हे कापड गिरण्यांचे शहरही लवकरच त्यात घेतले गेले. मधल्या भागात ‘जनरल गव्हर्न्मेंट’ नावाची वसाहत उभी केली गेली. पहिल्या काही महिन्यांतच शिक्षक, धर्मगुरू, जमीनदार, डॉक्टर यांच्या याद्या करून हजारोंना ठार मारण्यात आले. समाजाला नेतृत्वच राहू नये, हा हेतू होता. युद्ध संपेपर्यंत पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले. त्यातील जवळपास निम्मे ज्यू होते. एका बंदराच्या आणि एका रस्त्याच्या मागणीशी या आकड्याची सांगड घालता येत नाही.

भारताशी आणि महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

दोन धागे थेट आहेत. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले, त्यात बाळासाहेब खेर यांचे मुंबई प्रांताचे मंत्रिमंडळही होते. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढायचे आणि भारताला स्वातंत्र्य नाकारायचे, ही विसंगती तेव्हाच बोलली गेली.

दुसरा धागा कोल्हापूरचा. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंडमध्ये शिरून आपला वाटा घेतला. तिथल्या लाखो पोलिश नागरिकांना पुढच्या दीड-दोन वर्षांत सैबेरिया आणि मध्य आशियात पाठवण्यात आले. १९४१मध्ये हिटलरने स्टालिनवरच हल्ला केला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींची सुटका झाली. इराणमार्गे भारतात आलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिले. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट २०२४मध्ये तिथे आदरांजली वाहिली. वळिवड्याला पोहोचलेली ती कुटुंबे २३ ऑगस्टच्या गुप्त परिशिष्टाचीच शिकार होती.

मग कारणांचा क्रम कसा लावायचा?

मूळ कारण नाझी राजवटीचे पूर्वेकडील विस्ताराचे आणि वंशवादाचे राजकारण. त्याला जनतेत जागा करून दिली व्हर्सायच्या असंतोषाने. अंतर्गत अडथळे दूर केले हुकूमशाहीने. धाडस वाढवले लोकार्नो ते म्युनिकच्या पश्चिमी धोरणाने. शेवटचा अडसर काढला मॉस्को कराराने. पोलंडचा नकार या साखळीत येतो, पण कारण म्हणून नव्हे. त्याच्या नकारामुळे युद्ध कोणत्या दिवशी आणि कोणाच्या दारात सुरू होईल, एवढेच ठरले.

हा क्रम उलटा लावला की आक्रमक ‘असहाय’ ठरतो आणि बळी ‘हट्टी’. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर हिटलरचे आत्मचरित्र आजही ‘यशस्वी नेतृत्वा’च्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते. त्याला ‘अपमानाचा बदला घेणारा देशभक्त’ समजणारे तरुण कमी नाहीत. त्यांनी २३ मे १९३९ची नोंद वाचायला हवी. ज्या अपमानाच्या नावावर त्याने जर्मन तरुणांना सीमेवर पाठवले, तो मुद्दाच नसल्याचे त्याने स्वतःच सेनापतींना सांगितले होते.

परदेशातील ‘आपल्या माणसांच्या रक्षणा’साठी सैन्य पाठवल्याचे कोणताही देश सांगतो, तेव्हा तीन गोष्टी तपासाव्यात. मागणी मान्य झाल्यावर तो मागच्या वेळी थांबला होता का? प्रस्तावाची प्रत समोरच्याच्या हाती दिली होती का? आणि ताबा मिळाल्यावर तो ‘आपल्या माणसां’च्या वस्तीपाशीच थांबला, की पुढे गेला? १९३९मध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे उपलब्ध होती. त्यातले पहिले तर १५ मार्चलाच प्रागच्या रस्त्यांवर दिसले होते.